शिबिर उठल्यावर गावात काय उरते?

सत्रपरीक्षा आटोपल्या की कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची लगबग सुरू होते. दत्तक गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्या मागून घ्यायच्या, सतरंज्या आणि पातेली भाड्याने आणायची, टिकाव-फावडी गोळा करायची, सरपंचांना उद्घाटनाचे निमंत्रण द्यायचे. मग सात दिवस पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. समारोप झाला की टेम्पो भरतो आणि पोरे परत जातात. मराठवाड्यात हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे की त्याबद्दल कोणी मुळातून विचार करत नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच काम निराळ्या थाटात चालते. युरोप-अमेरिकेतले विद्यार्थी बोर्निओच्या किंवा मध्य अमेरिकेच्या वर्षावनात जातात, एखाद्या वस्तीत बालवाडी किंवा समाजघर बांधतात आणि मायदेशी परततात. थाट निराळा असला तरी प्रश्न एकच आहे. बाहेरून आलेल्या, बांधकामात नवख्या मुलांनी थोड्या दिवसांत उभे केलेले काम गावाच्या उपयोगी पडते का? पडत असेल तर कधी, आणि नसेल तर का? शंभर वर्षांचा अनुभव आता हाताशी आहे. तो एका ठिकाणी मांडला तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागते.

ही रीत आली कुठून

तरुणांनी एकत्र राहायचे, हाताने काम करायचे आणि त्यातून काही उभारायचे, या श्रमशिबिरांची आधुनिक सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर झाली. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेझोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळ, युद्धात उद्ध्वस्त झालेले एस्न हे गाव पुन्हा बांधायला वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक नेले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेझोल स्वतः भारतात आले आणि तिथल्या घरबांधणीत उतरले. पुढे याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन राहिले आणि सुरुवातीच्या इमारती उभारायला त्यांनी हात लावला. इमारतींइतकाच मोठा उपयोग दुसरा झाला. परदेशातली शिकलेली मुले कुष्ठरुग्णांसोबत राबतात आणि जेवतात हे वरोऱ्याच्या लोकांनी पाहिले, आणि त्यांच्या मनातली भीती ओसरायला मदत झाली.

महाराष्ट्रात याला आपली स्वतःची वाटही होती. गाडगेबाबांचा खराटा, तुकडोजी महाराजांची ग्रामरचनेची शिकवण, १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची सेवापथके यांतून श्रमाला प्रतिष्ठा देणारी पिढी घडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर १९६७ च्या सुमारास सुरू झालेल्या श्रमसंस्कार छावणीने मे महिन्याच्या उन्हात हजारो मुलामुलींना टिकाव धरायला लावला. मराठवाड्यालाही हे नवे नव्हते. ज्यांच्या नावाने नांदेडचे विद्यापीठ १९९४ पासून उभे आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मुळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे शिक्षक होते. कंधारात भाई केशवराव धोंडगे यांनी शिक्षणसंस्था काढली तेव्हा तिच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द घातला. शिक्षणाचे गावाशी काही देणे लागते, ही समजूत इथे रुजलेली होती.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी होते. १९७२ च्या दुष्काळानंतर शिबिरांना दुष्काळनिवारणाचा विषय मिळाला, मग स्वच्छता आणि रोगराई, मग ग्रामीण पुनर्रचना. आज प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा नियम आहे. आपल्याकडे अलीकडच्या फलकांवर पाणलोट व्यवस्थापन आणि पडीक जमीन विकास हे शब्द दिसतात. योजना टिकली आणि पसरली, हे तिचे यश निर्विवाद आहे. मात्र पसरत जाताना कामाचे माप ‘किती तास, किती विद्यार्थी’ यात मोजले जाऊ लागले. गावाला काय मिळाले, याचे माप कुठल्याच रकान्यात आले नाही.

जंगलातले बांधकाम

परदेशांतल्या अशा सेवाप्रकल्पांवर सर्वांत कडक टीका १९६८ मध्येच झाली. मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच यांनी शिकागोजवळ एक भाषण केले. तुम्ही पाहायला या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका, असा त्याचा मथितार्थ. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांच्या जगण्याची रीत ठाऊक नाही, त्यांच्यावर आपली मदत लादणे हाही एक अहंकार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आकडेही समोर आले. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये बाहेरच्या स्वयंसेवकांनी घरे बांधली. कर्ट व्हर बीक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रवासखर्च धरून अशा एका घरामागे सुमारे ३० हजार डॉलर पडल्याचे, तर स्थानिक संस्थेला तसेच घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधता आल्याचे मांडले. घर कोणी बांधले याने तिथल्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडला नव्हता. येणाऱ्या स्वयंसेवकांच्या पुढच्या वागण्यातही फारसा टिकाऊ बदल दिसला नाही.

म्हणजे हे सारे व्यर्थ म्हणायचे का? आपल्याच राज्यातल्या दाट जंगलाने याचे निराळे उत्तर दिले आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ च्या अखेरीस हेमलकशाला गेले तेव्हा भामरागडचा तो भाग पावसाळ्यात महिनोन्‌महिने तुटलेला असे. झोपड्यांपासून सुरू झालेल्या त्या कामातून दवाखाना आणि १९७६ मध्ये निवासी शाळा उभी राहिली. फरक एवढाच की बांधणारे तिथेच राहिले. गळणाऱ्या छपराखाली त्यांनाच झोपायचे होते.

गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आसपासच्या गोंड गावांना विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रुग्णासोबत घरची माणसे राहिली पाहिजेत, आपल्या देवीचे नाव असावे, असे लोकांनी सांगितले. म्हणून तिथे लांबलचक वॉर्डांऐवजी गावासारख्या कुट्या झाल्या आणि दवाखान्याला दंतेश्वरीचे नाव मिळाले. विचारल्यामुळे नकाशा बदलला. तरुणांसाठी २००६ पासून चाललेला ‘निर्माण’ उपक्रमही याच परिसरातून उभा राहिला, आणि त्याचा भर मुलांनी तिथे काय बांधले यावर नसून पुढचे आयुष्य कशासाठी जगायचे यावर आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या वाचकाला जंगल म्हणजे किनवट-माहूर. पैनगंगेकाठचा हा सागवानी पट्टा वर्षावन नव्हे, पण गोंड, कोलाम, आंध, परधान यांची वस्ती असलेला तोच आपला अरण्यप्रदेश आहे. कंधार-लोह्याच्या उघड्या माळावरून तिथे शिबिराला जाणाऱ्या प्राध्यापकाने एक कायदा आधी वाचायला हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, समाजकेंद्र अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा लागावी, हेक्टरी ७५ हून जास्त झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. इथे ग्रामसभा हार-तुरे स्वीकारण्यापुरती नाही. तिच्या ठरावाशिवाय वीटच लागत नाही. जंगलातल्या समाजघराला हा नियम लागू आहे. मन्याडच्या खोऱ्यातल्या सभामंडपाला तो कायद्याने नसला तरी शिबिराच्या शिस्तीने लागू करायला काय हरकत आहे?

किल्लारीने शिकवलेले

बांधकाम आणि बाहेरची मदत यांचा सर्वांत मोठा धडा मात्र लातूरच्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. राज्यभरातून विद्यार्थी धावले. ढिगारे उपसणे, अंत्यसंस्कार, अन्नवाटप, जखमींची ने-आण ही कामे त्यांनी भर पावसात केली. त्या दिवसांत त्यांच्या हातांची गरज होती आणि त्याला पर्याय नव्हता. संकटाच्या पहिल्या आठवड्यात अननुभवी हातही मोलाचे ठरतात.

घरे उभारण्याची वेळ आली तेव्हा प्रश्न बदलला. माणसे भूकंपाइतकीच घरांच्या रचनेने मारली होती. माळवदाच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, बाहेरून आतून दगडाचे दोन थर आणि मध्ये मातीने भरलेला चुरा. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर वर्षानुवर्षे थापत नेलेल्या मातीचे ओझे. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर फाकले आणि छत खाली आले. दुरुस्तीही याच नेमक्या जागी करायची होती: छतावरची माती कमी करणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवणे, खणाच्या लाकडी सांगाड्याला कोपऱ्यांत आधार देणे. हे काम शिकलेल्या गवंड्याचे होते, उत्साही विद्यार्थ्याचे नव्हे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी बसवली गेली आणि सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले. या दुसऱ्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोगासारख्या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घरमालकाला त्याचा हक्क समजावणे, सामान आले का ते पाहणे, गवंड्याने आरपार दगड खरेच बसवला का ते तपासणे ही कामे त्या करत. त्यातून बायका गावाच्या कारभारात आल्या आणि पुढेही राहिल्या. भूकंपात अनाथ झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे राहिले आणि ते मुले मोठी होईपर्यंत चालले. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. वस्तू उभी राहिल्यावर काम संपले असे कोणी मानले नाही.

सात दिवसांचे गणित

आता पुन्हा आपल्या शिबिराकडे येऊ. पन्नास विद्यार्थी, सात दिवस. पहिला दिवस उद्घाटनात आणि शेवटचा समारोपात जातो असे धरले तर पाच दिवस उरतात. रोज चार तास श्रमदान धरले तर एकूण १००० तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने १२५ मजूरदिवस. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. त्या दराने या श्रमाची किंमत ३७ हजारांच्या आसपास भरते. मुलांचा घाम खरा आहे, पण निव्वळ मजुरी म्हणून पाहिले तर गावाला तो फार मोठा हातभार नाही. आणि मजुरी शोधणाऱ्या भूमिहीन माणसाचे काम फुकटात करून टाकले तर त्याचे नुकसानच होते.

त्याहून मोठी अडचण दिनदर्शिकेची आहे. शिबिरे भरतात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. वनराई बंधारा बांधायची वेळ असते पाऊस सरता सरता, ओढा अजून वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडे सुतळीने शिवायची, विटांच्या बांधकामासारखे सांधे मोडत थर रचायचे. पाच-सहा तासांत चांगला बंधारा होतो. पण जानेवारीत बालाघाटच्या उतारावरचे बहुतेक ओढे आटलेले असतात. तेव्हा बांधलेला बंधारा फोटोपुरता राहतो. वृक्षारोपणाचेही तेच. जानेवारीत लावलेले रोप मे महिन्यात जगवायला रोज कोणीतरी पाणी घातले पाहिजे. त्याच जानेवारीत खड्डे मात्र जरूर खणावेत. दीड-दोन फुटांचे खड्डे उन्हाळाभर तापले तर जूनमध्ये लावणीला उत्तम. बांबूची ए फ्रेम करून समतल रेषा आखणे आणि मुरमाड उतारावर सलग समतल चर खोदणे हेही या दिवसांत बसते.

सिमेंटचे काम याहून नाजूक. समजा शिबिराने शाळेचा ओटा किंवा सभामंडपाची फरशी करायला घेतली. पाया काळ्या मातीत ठेवला तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बांधकामाला तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते, आणि त्यातच दोन-तीन दिवस जातात. सहाव्या दिवशी काँक्रीट पडते. त्याला किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी असेल तर दहा दिवस किंवा जास्त, सतत ओले ठेवायला हवे. नेमके त्याच वेळी शिबिर उठते. पाणी मारायची जबाबदारी कोणावरच नसेल तर पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि पुढच्या वर्षी गावकरी म्हणतात, पोरांनी कच्चे काम केले. पोरांचा दोष इतकाच की काम त्यांच्या मुक्कामापेक्षा लांब होते.

या सगळ्यावर उपाय अवघड नाही. बांधकाम असेल तर गावातला गवंडी मजुरी देऊन प्रमुख नेमावा आणि मुलांनी त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबावे. ओळंबा कसा धरायचा, रेतीत माती किती आहे ते कसे ओळखायचे, हे त्यांनी त्याच्याकडून शिकावे. बी.ए.च्या मुलाने गवंड्याला गुरू मानले, तर श्रमप्रतिष्ठेवर वेगळे बौद्धिक ठेवायची गरज उरत नाही.

मुलांकडे गावाला देण्यासारखे काय आहे

कंधार परिसरातल्या महाविद्यालयांतली बहुतेक मुले शेतकरी-शेतमजुरांच्या घरची आहेत. टिकाव चालवणे त्यांना नवे नाही. तेव्हा त्यांचे वेगळेपण दुसरीकडे शोधायला हवे. त्यांना लिहिता येते, मोजता येते, मोबाइलवर नकाशा वाचता येतो आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. गावाला याचीच सर्वांत जास्त टंचाई असते.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचा अनुभव इथे उपयोगी आहे. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ मध्ये ७५ तालुक्यांपर्यंत गेली. शहरांतले हजारो ‘जलमित्र’ १ मे रोजी महाश्रमदानाला आले, त्याची छायाचित्रे गाजली. पण स्पर्धेचा पाया वेगळा होता. आधी गावातल्या निवडक माणसांना निवासी प्रशिक्षण, मग गावाने स्वतः केलेले ४५ दिवसांचे काम. पाहुण्यांचा एक दिवस हा त्यावरचा साज होता. प्रशिक्षण आधी आणि पाहुणे नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

कोणत्या कामांत विद्यार्थी खरे कामी येतात, तेही आता नीट सांगता येते. दर वर्षी ठरावीक महिन्यात गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजणे. हातपंप, शाळेचे स्वच्छतागृह, अंगणवाडी यांच्या अवस्थेची नोंद. रोजगार हमीच्या जॉबकार्डांची पडताळणी, निराधार योजनेतून वगळलेल्यांची यादी. जुन्या बंधाऱ्यांत किती गाळ साचला त्याची मापे. किनवटच्या गावात असाल तर सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी लागणारे पुरावे गोळा करायला हातभार. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, त्यामागे गावातच चालणाऱ्या अभ्यासगटांची अनेक वर्षांची मेहनत होती. अभ्यास हेही श्रमदान आहे, आणि ते करायला विद्यार्थ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

एक मुद्दा मुलींचा. निवासी शिबिरात मुलींची संख्या कमी राहते, याचे कारण बहुतेकदा मुक्कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह आणि सुरक्षितता नसणे हे असते. पण ज्या गावात मुली घरोघरी सर्वेक्षणाला जातात, तिथे चुलीपाशी बसलेल्या बाईची अडचण वहीत उतरते. ती मुलांना कधी कळत नाही. दुसरा मुद्दा जेवणाचा आणि वस्तीचा. शिबिराचे श्रमदान मारुतीच्या पारापाशीच होत असेल आणि दलित वस्तीकडे फिरकतच नसेल, तर सात दिवसांत गावाची जुनी वीण आणखी घट्टच होते. आज कुठल्या वस्तीत काम, कुणाच्या घरी जेवण, हे शिबिराने जाणीवपूर्वक ठरवायला हवे. आनंदवनातल्या त्या परदेशी तरुणांनी सोबत जेवून जे केले, ते आपल्या मुलांनाही करता येईल.

पुढची पावले

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत समाजसहभाग आणि क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात प्रत्येक संस्थेने गावांचा एक गट जोडून घ्यायचा आहे. म्हणजे विद्यार्थ्यांचे गावाशी नाते आता अभ्यासक्रमाचा भाग होते आहे. ही मोठी संधी आहे आणि मोठा धोकाही. श्रेयांकासाठी छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे जमली की काम झाले, ही वृत्ती बळावली तर गावे आपल्या पोरांच्या सरावाची जागा होऊन बसतील.

सेरेझोलपासून शोधग्रामापर्यंत आणि किल्लारीपासून मेंढा-लेखापर्यंत जिथे काम टिकले, तिथे तीन गोष्टी दिसतात. काम गावाने ठरवले होते. ते जाणकारांच्या हाताखाली झाले होते. आणि बाहेरची माणसे राहिली होती किंवा वारंवार परतली होती. जिथे यांपैकी एक तुटली, तिथे इमारत उभी राहूनही काम पडले. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर हा तलाव हजार वर्षांनंतरही लोकांच्या उपयोगाचा राहू शकतो. त्यासाठी प्रत्येक पिढीने गाळ काढला पाहिजे. कोणत्याही सार्वजनिक वस्तूचे खरे आयुष्य तिच्या देखभालीत असते.

म्हणून महाविद्यालयांना माझी विनंती आहे. दर वर्षी नवे गाव दत्तक घेऊ नका. एकच गाव पाच वर्षांसाठी घ्या. शिबिराचे काम ग्रामसभेत ठरवून घ्या आणि त्याचा ठराव हातात आल्यावरच टिकाव उचला. पावसाच्या आगेमागे दोन दिवसांची छोटी शिबिरे ठेवा आणि थंडीतला आठवडा मोजणी, खड्डे आणि अभ्यासासाठी राखा. विद्यापीठाला जाणाऱ्या अहवालाचे पहिले पान गेल्या वर्षीच्या कामाच्या आजच्या अवस्थेसाठी राखून ठेवा: ओटा कसा आहे, किती झाडे जगली, किती निराधारांना पैसे सुरू झाले. हे पान प्रामाणिकपणे भरणारी मुले पुढे तलाठी होतील, शिक्षक होतील, सरपंच होतील, आणि सही करण्याआधी काम पाहून येण्याची सवय त्यांना लागलेली असेल.